धुक्यातली द्राक्षसुगी

मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तोंडपाठ असत. मॅझिनीचे आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ साली मराठीत आणले. गॅरिबाल्डीच्या लाल सदऱ्याची गोष्ट तर शाळकरी पोरांनाही ठाऊक. राहिला काव्हूर. तो मुत्सद्दी, हिशेबी, दरबारी; त्यामुळे आपल्याकडे त्याच्या वाट्याला आदर आला, प्रेम फारसे आले नाही. पण इटलीचा पहिला पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी हाच गृहस्थ ग्रिंझाने नावाच्या एका टेकडीवरच्या खेड्याचा, आपल्या भाषेत सांगायचे तर, सरपंच होता. आणि तोही थोडाथोडका नव्हे, १८३२ पासून १८४९ पर्यंत सतरा वर्षे. फौजेतली नोकरी सोडून आलेल्या या धाकट्या चिरंजिवांना घरच्यांनी तिथल्या जमिनी सांभाळायला धाडले आणि चिरंजीव द्राक्षवेलींत रमले. त्याची विटांची गढी अजून वेलींच्या मधोमध उभी आहे आणि खेड्याला आता ग्रिंझाने काव्हूर असेच म्हणतात.

या मुलखाचे नाव लांगे. पीडमाँट प्रांतात, ट्यूरिनच्या दक्षिणेला, तानारो नदीच्या उजव्या तीरावर तो पसरलेला आहे. आल्बा हे त्याचे बाजारपेठेचे गाव. तिथून पुढे टेकड्यांच्या लांबच लांब सोंडा सुरू होतात. सोंडेच्या माथ्यावर खेडे, खेड्यात एखादा वाडा किंवा बुरूज, आणि उतारावर फणीने विंचरल्यासारख्या वेलींच्या ओळी. नाशिककडे असतात तसे डोक्यावरचे मांडव इथे नाहीत. वेली तारांच्या आधाराने कुंपणासारख्या उभ्या असतात. शेजारच्या रोएरो आणि मोनफेर्रातो या भागांसह हा सारा देखावा २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतला. मोठ्या देवळासाठी किंवा राजवाड्यासाठी नव्हे, शेतकऱ्याच्या ओळींसाठी मिळालेला हा मान आहे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढची हकीकत त्या शेतकऱ्याचीच आहे.

लांगेतला शरद पाहायचा तर ऑक्टोबरात, आणि तोही सकाळी लवकर. ला मोर्रा हे गाव पाचशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या कठड्याशी उभे राहिले की खालचे खोरे दिसतच नाही. ते धुक्याने काठोकाठ भरलेले असते आणि समोरच्या टेकड्यांचे माथे त्यातून बेटांसारखे वर आलेले असतात. समुद्राची उपमा कोणालाही सुचेल, पण इथे ती नुसती उपमा नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा मुलूख खरोखरच समुद्राच्या तळाशी होता. आज वेलींच्या मुळाशी लागणारी निळसर-करडी, चुनखडी मिसळलेली चिकणमाती म्हणजे त्याच समुद्राचा गाळ. ऊन तापू लागले की धुके विरते आणि पश्चिमेला आल्प्सची रांग उघडी पडते. तिच्यात एक सुळका वेगळा उठून दिसतो, तो मोनव्हिझो, ३,८४१ मीटर उंचीचा. इटलीची सर्वांत मोठी नदी पो त्याच्याच पायथ्याशी उगम पावते. मग खाली उतार दिसू लागतात. बार्बेरा जातीच्या वेलींची पाने लालभडक झालेली, नेब्बिओलोची पिवळी. त्यामुळे कोणत्या शेतात कोणती जात हे जाणत्याला दुरूनच कळते. याच दिवसांत आपल्या नाशिककडे गोडी छाटणी चाललेली असते. तिथल्या कात्रीने हंगाम सुरू होतो, लांगेतल्या कात्रीने तो संपतो.

सुगीला क्रम असतो. मोस्कातोचे घड आधी उतरतात, मग दोल्चेत्तोचे, मग बार्बेराचे. सर्वांच्या शेवटी नेब्बिओलो. हे त्या मुलखाचे मानाचे द्राक्ष. त्याचे नाव १२६८ सालच्या एका कागदात आढळते. नेब्ब्या म्हणजे धुके, आणि हे द्राक्ष धुक्यात पिकते म्हणून नेब्बिओलो, अशी व्युत्पत्ती बहुतेक सांगतात. काही जण 'नोबिले', म्हणजे थोर, या शब्दाशी नाते जोडतात. वाद पंडितांचा आहे. शेतकऱ्याला ठाऊक आहे ते इतकेच की हे द्राक्ष सर्वांआधी फुटते आणि सर्वांनंतर पिकते. म्हणजे वसंतातल्या हिमकणांचे भय त्यालाच, उन्हाळ्यातल्या गारांचे भय त्यालाच, आणि शेजाऱ्याचे घड घरात येऊन पडले तरी शरदातल्या पावसाचे भय पुन्हा त्यालाच. जागाही त्याला दक्षिणेकडे तोंड केलेली, उत्तमातली उत्तम लागते. हिवाळ्यात ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळेल तिथे नेब्बिओलो लावावा, हा तिथला जुना ठोकताळा.

त्याच्यापासून बारोलो ही वाइन होते. रंग फिकट माणकाचा, चव ताजेपणी जिभेला ओढून धरील इतकी तुरट. ही तुरटी मुरावी म्हणून कायद्यानेच बंधन घातले आहे : सुगीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून अडतीस महिने, त्यांतले अठरा लाकडी पिंपात. आज तोडलेला घड बाजारात येईतो तीन वर्षे उलटलेली असतात. घरात लोणच्याची बरणी मुरायला ठेवणाऱ्यांना हा धीर समजेल. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घरे या पेयापासून चार हात दूर राहणारी आहेत, आणि प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. पण कालिदासाने पारसिकांवरच्या विजयानंतर रघूच्या थकल्या योद्ध्यांना द्राक्षवेलींच्या मंडपात मधुपानाला बसवले आहे, आणि त्यापायी रघुवंशाचा चौथा सर्ग आपल्या शास्त्रीबुवांनी शिकवायचा टाळला, असे काही ऐकिवात नाही. तेव्हा नुसत्या वर्णनाने कोणाचे व्रत मोडू नये.

बारोलोची कीर्ती वाढली ती राजाश्रयाने, आणि राजाश्रय म्हणजे काय हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बारोलोची जहागिरी फाल्लेत्ती घराण्याकडे होती. त्या घराण्याचा शेवटचा पुरुष तांक्रेदी. त्याची पत्नी जूलिया कोलबेर ही फ्रान्समध्ये १७८५ साली जन्मलेली. ट्यूरिनच्या तुरुंगांतल्या स्त्रियांची दैन्यावस्था पाहून तिने त्यांच्यासाठी आयुष्य वेचले. ऑस्ट्रियाच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडून आलेला आणि त्या आठवणी लिहून गाजलेला सिल्व्ह्यो पेल्लिको याला तिच्याच घरी ग्रंथपालाची जागा मिळाली. वाइनच्या बाबतीत तिची आख्यायिका अशी : राजा कार्लो आल्बेर्तो याने एकदा सहज विचारले, तुमच्या या बारोलोची एवढी ख्याती ऐकतो, ती आम्हाला चाखायला केव्हा मिळणार? काही दिवसांनी पिंपांनी लादलेल्या गाड्यांची रांगच ट्यूरिनच्या रस्त्याने निघाली. पिंपे ३२५. वर्षाच्या दिवसांतून उपवासाचे चाळीस वगळून रोज एक! गोष्ट खरी असो वा नसो, दरबाराची चाल त्यात बरोबर उतरली आहे. पूर्वी गोडसर राहणारी ही वाइन पूर्ण आंबवून कोरडी करण्याचे श्रेय मात्र एका फ्रेंच तज्ज्ञाचे की पीडमाँटच्याच एका सेनाधिकाऱ्याचे, यावर तिथे अजून भांडण चालते. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांवरून चालते तसे.

दरबारी पिंपे मोजून झाली. ती भरणाऱ्यांकडे आता वळू.

लांगेत पुष्कळ जमीन बटईने कसली जाई. पीक निम्मे मालकाचे, निम्मे कुळाचे. गारपीट झाली तर मात्र वाटणी करायला काही उरतच नसे. कराराचे वर्ष सरे ते ११ नोव्हेंबरला, संत मार्तिनोच्या सणाच्या दिवशी. घड उतरून झालेले, रस पिंपात गेलेला, शेत मोकळे. मालकाने करार पुढे चालवला नाही तर त्या दिवशी कुटुंबाने खाट, भांडी, कोंबड्या, म्हातारी आई असे सारे गाडीत घालून दुसऱ्या टेकडीची वाट धरायची. इटालियन भाषेत 'सान मार्तिनो करणे' म्हणजे घर सोडून बिऱ्हाड हलवणे, असा वाक्प्रचारच पडला आहे. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला फिरते. गुढीकडे पाहताना त्याच्या घरात काय विचार चालत असेल हे ज्याने कधी मनात आणले असेल, त्याला सान मार्तिनोचा दिवस वेगळा समजावून सांगायला नको. गंमत अशी की नेमक्या त्या सुमारास थंडी ओसरून चार दिवस ऊबदार ऊन पडते, आणि त्याला लोक कौतुकाने 'सान मार्तिनोचा उन्हाळा' म्हणतात. बटईचे नवे करार कायद्याने बंद झाले ते १९६४ साली.

या आयुष्याचा लेखक म्हणजे बेप्पे फेनोल्यो. आल्ब्यातल्या एका खाटकाचा हा मुलगा, जन्म १९२२. इंग्रजी साहित्याचे त्याला वेड. उपजीविका मात्र गावातल्याच एका वाइनच्या पेढीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळण्याची. १९५४ साली त्याची 'ला मालोरा' ही छोटी कादंबरी निघाली. शीर्षकाचा अर्थ सत्यानाश. घरची ओढाताण म्हणून दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला ठेवलेल्या आगोस्तीनो नावाच्या पोराची ही कथा. त्याचा धनीही श्रीमंत नाही, तोही बटईदारच. पै-पै साठवून स्वतःचा जमिनीचा तुकडा घेण्याच्या ध्यासाने तो घरच्यांना आणि गड्याला सारखेच राबवतो. कादंबरीत कोणी खलपुरुष नाही, आणि म्हणूनच ती मनाला अधिक लागते. त्या काळच्या लांगेत अशी कथा सांगत की, जेवणाच्या पाटावर दोरीने एक खारवलेला मासा टांगलेला असे आणि मक्याच्या घट्ट पिठल्याचा तुकडा प्रत्येकाने त्यावर नुसता घासून खायचा. मासा संपता कामा नये.

फेनोल्योच्या नावाशी आणखी एक शरद जोडलेला आहे. १० ऑक्टोबर १९४४ रोजी डोंगरातल्या प्रतिकार-तुकड्यांनी फॅसिस्टांच्या हातून आल्बा गाव घेतले आणि २ नोव्हेंबरला ते पुन्हा गमावले. तेवीस दिवसांचे हे राज्य. फेनोल्यो स्वतः त्या तुकड्यांत होता, पण १९५२ साली त्याने ते कथेत मांडले तेव्हा आरत्या ओवाळल्या नाहीत. विजयाच्या दिवशीची हौस, गोंधळ आणि चिखल सारे जसेच्या तसे लिहिले. काही जुन्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही. तो १९६३ साली, चाळिशी ओलांडताच वारला.

युद्धानंतर वरच्या खेड्यांतली तरुण माणसे ट्यूरिनच्या कारखान्यांकडे निघाली. मुली तर आधीच गेल्या; टेकडीवरच्या शेतकऱ्याशी लग्न म्हणजे जन्माची गुलामी, हे त्यांनी आयांच्या हातांकडे पाहून ओळखले होते. मग बाच्याले, म्हणजे गावोगावचे लग्न जुळवणारे मध्यस्थ, दक्षिणेकडे वळले आणि हजारभर किलोमीटरवरच्या कालाब्रियातून नवऱ्या आणू लागले. सासूची भाषा सुनेला कळेना, सुनेची सासूला. एक देश म्हणून काव्हूरने जे जुळवले ते चुलीपाशी जुळायला पुढची शंभर वर्षे लागली. नुतो रेव्हेल्ली या लेखकाने या बायकांच्या हकीकती त्यांच्याच तोंडून ऐकून १९८५ साली पुस्तकरूपाने छापल्या.

खेडी पार ओस पडली नाहीत याचे एक कारण वाइन नसून मिठाई आहे. १९४६ साली आल्ब्यात फेररेरो कुटुंबाने कारखाना काढला. कोको महाग, म्हणून त्यांनी लांगेतल्याच हेझलनट या फळाचा चोथा त्यात घातला. पुढे १९६४ साली त्यातूनच जगभर गेलेली न्युटेला झाली. कारखान्याच्या बसगाड्या टेकड्यांवर जाऊन कामगारांना आणत आणि संध्याकाळी परत सोडत. त्यामुळे पगारही मिळे आणि शेतही सुटत नसे. शरदातल्या पांढऱ्या ट्रफलचा बाजार आल्ब्यात १९२९ पासून भरतो. जमिनीखालची ही अळंबी कुत्र्याच्या नाकाने शोधायची आणि तराजूवर सोन्यासारखी तोलायची. तो श्रीमंतांचा खेळ. त्याविषयी इतके पुरे.

वाइनचे दिवस पालटले ते एका अपघातानंतर. १९८६ साली मिथेनॉलची भेसळ असलेल्या स्वस्त वाइनने इटलीत वीसांहून अधिक माणसे दगावली, आणि त्या भेसळीचे धागे याच जिल्ह्यातल्या एका पेढीपर्यंत पोचले. नाचक्की अशी झाली की चांगल्या उत्पादकांनाही तोंड दाखवायची चोरी. त्यानंतर कमी पिकवावे, चोख करावे आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावून विकावे, हा रस्ता अनेकांनी धरला, आणि तो लाभला. आज बारोलोच्या चांगल्या उतारावरच्या एका हेक्टराला दहा लाख युरोहून अधिक किंमत येते. बटईदाराच्या नातवाने बापाचा तुकडा न विकता ठेवला असेल तर तो आज आसामी आहे.

मग घड तोडतो कोण? १९९०नंतर मॅसिडोनियातून मजूर येऊ लागले. आता त्यांच्याबरोबर आफ्रिकेतलेही असतात. या उतारांवर यंत्र चालत नाही. प्रत्येक घड हातानेच कापायचा आणि मणी न फुटता पाटीत ठेवायचा. मजूर पुरवणारा मुकादम मध्ये असतो आणि मजुरीतला वाटा खातो. या मुकादमीविरुद्ध इटलीने २०१६ साली कडक कायदा केला. तरीही २०२४ साली खुद्द आल्बा परिसरात मजुरांना मारहाण करणाऱ्या मुकादमांवर पोलिसांना कारवाई करावी लागली. प्रवासी कठड्याशी उभा राहून रंगांची छायाचित्रे घेतो, तेव्हा ओळींमध्ये वाकलेल्या पाठी त्या चित्रात आल्या तर शोभेच्याच वाटतात. फेनोल्यो असता तर त्याने बहुधा त्या पाठींपासून सुरुवात केली असती.

आणखी एक बदल शेतकरी स्वतःच सांगतात. नेब्बिओलोची तोडणी पूर्वी ऑक्टोबराच्या उत्तरार्धात चाले, कधी नोव्हेंबरला टेके. आता उन्हाळे तापू लागल्यापासून ती पुढे सरकत आली आहे. कडक उन्हाच्या वर्षी तर सप्टेंबरातच कात्र्या बाहेर निघतात. बर्फ आधी वितळतो म्हणून ज्या दक्षिणेकडच्या उतारांना सोन्याचा भाव होता, तिथे आता घड करपण्याची धास्ती आहे, आणि आजोबांनी नाक मुरडून सोडलेल्या थंड जागांकडे नातवंडे पुन्हा पाहू लागली आहेत. धुके अजून पूर्वीसारखेच खोऱ्यात उतरते. ते ओळींत शिरते तेव्हा वेलींवर बहुधा पिवळी पानेच उरलेली असतात. ज्याला त्याचे नाव मिळाले ते द्राक्ष तळघरात आंबत असते.