संकरित ज्वारीचे बी दर वर्षी नवे का घ्यावे?

उसाची टिपरी लावली असता मूळ वाणाचाच ऊस येतो; परंतु संकरित ज्वारीच्या उत्तम कणसातील दाणे राखून पेरल्यास पुढील पीक एकसारखे येत नाही. सीएसएच-१ ही भारतातील पहिली संकरित ज्वारी १९६४ साली प्रसारित झाली. तिला व तिच्यानंतरच्या संकरित वाणांना हाच नियम लागू आहे. या भेदाचे मूळ पेशीविभाजनात आहे.

पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांमार्फत आनुवंशिक गुण पुढील पिढीत उतरतात. ज्वारीत गुणसूत्रांच्या १० जोड्या, म्हणजे २० गुणसूत्रे असतात. प्रत्येक जोडीतील एक मातेकडून व दुसरे पित्याकडून आलेले असते.

मूळ, खोड व पाने यांची वाढ सूत्री विभाजनाने होते. यात प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होऊन पेशी एकदाच विभागते व दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. उसाच्या डोळ्यातील कोंब असाच वाढतो. म्हणून वाणाचे गुण टिकतात.

परागकण व बीजांड यांच्या निर्मितीत मात्र अर्धगुणसूत्री विभाजन घडते. पीक पोटरीत असतानाच परागकोशात ते होते. येथेही प्रती एकदाच तयार होतात. परंतु पेशी लागोपाठ दोनदा विभागते. प्रथम जोडीतील गुणसूत्रे जवळ येऊन काही भागांची अदलाबदल करतात व अलग होतात. नंतर प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग वेगळे होतात. एका पेशीपासून अशा चार पेशी होतात व प्रत्येकीत १० गुणसूत्रे राहतात. फलनानंतर ती पुन्हा २० होतात.

जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या पेशीत जाईल, हे योगायोगावर अवलंबून असते. अदलाबदल वगळली तरी १० जोड्यांपासून १,०२४ प्रकारचे संच संभवतात. संकरित वाणाचे मातापिता भिन्न असल्याने हे संचही भिन्न होतात. परिणामी दुसऱ्या पिढीत उंची व फुलोऱ्याची वेळ यांत विषमता येते आणि संकराचा जोम घटतो.

मालदांडीसारख्या सरळ वाणात जोडीतील गुणसूत्रे बहुतांशी समान असतात. त्यामुळे निवडक, भेसळरहित कणसांचे घरचे बी चालते. संकरित वाणाचे प्रमाणित बी मात्र प्रत्येक हंगामात नवेच घ्यावे. ग्रामसेवकांनी हा भेद पेरणीपूर्वीच शेतकरी बंधूंस समजावून द्यावा.