शिबिरात शिकवायचं काय?

नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राकडे निघालं की वाटेवरची गावं मागे टाकत रस्ता कळंबला पोचतो. तिथे उद्या महिलांसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर भरवायचं ठरलं, तर कार्यक्रमपत्रिका न बघताही सांगता येईल. मनगट धरलं तर हिसका कसा द्यायचा, मागून पकडलं तर कोपर कुठे मारायचं, पर्समध्ये मिरचीपूड कुठल्या कप्प्यात ठेवायची. शेवटी फरशी फोडण्याचं प्रात्यक्षिक, टाळ्या आणि प्रमाणपत्र. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, त्याचा भरही बहुतेक हातापायांवरच. यात वाईट काहीच नाही. पण हे विषय निवडले कुणी, असं विचारलं तर बोट सिनेमाकडे जातं: अंधारी गल्ली, अनोळखी पुरुष, एकटी मुलगी. माझं म्हणणं एवढंच की विषय निवडताना त्या गावातल्या माणसाला इजा खरोखर कुठून होते ते आधी पाहावं. तसं पाहिलं की यादीचा क्रम जवळजवळ उलटा होतो.

कळंबपुरतं बोलायचं तर पहिला धोका समोरच पसरलेला आहे. २०१९च्या धुळवडीला कळंबच्या समुद्रात पाच जण बुडून गेले. समुद्रावर एकामागोमाग माणसं जातात त्याला एक ठरलेलं कारण असतं: बुडणाऱ्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि घाबरलेला माणूस त्यालाच खाली दाबतो. म्हणून उडी घेण्याआधी काहीतरी तरंगणारं फेकायचं. घट्ट झाकणाचा रिकामा कॅन चालतो, गाडीची ट्यूब चालते. आणि आत ओढणाऱ्या प्रवाहात आपणच सापडलो, तर थेट किनाऱ्याकडे झगडत बसण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. रेल्वेचं तर विरार लोकलच्या प्रवाशाला सांगायलाच नको. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. यावर कुणी म्हणेल, ही साधी काळजी झाली, याला स्वसंरक्षण कसं म्हणायचं? पण जिवावर उठणाऱ्याला हातपाय असलेच पाहिजेत, हा हट्ट कशासाठी?

आता माणसांकडून होणारी हिंसा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात स्त्रियांवरचे सुमारे साडेचार लाख गुन्हे नोंदले आहेत. त्यात सर्वांत मोठा वाटा, जवळपास ३१ टक्के, नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा आहे. बलात्काराच्या नोंदींत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर राहिलं आहे. हे आकडे फक्त नोंदलेल्या गुन्ह्यांचे, हे खरं. पण घरच्या किंवा ओळखीच्या माणसाविरुद्ध पोलिसांत जायला बाई कचरते हेही तितकंच खरं, तेव्हा प्रत्यक्षातलं चित्र यापेक्षा सौम्य असेल असं मानायला आधार नाही. वसई पूर्वेला १८ जून २०२४च्या सकाळी एका विशीतल्या मुलीला तिच्या पूर्वीच्या मित्राने भर रस्त्यात पान्याने मारून ठार केलं. त्याच्या काहीच दिवस आधी, त्याने फोन फोडला म्हणून तक्रार पोलिसांपर्यंत गेली होती.

फोन फोडणं आणि पाना उचलणं यांच्या मधले दिवस हा शिबिराचा खरा विषय. त्या दिवसांत कोपर कामाचं नसतं, कागद कामाचा असतो. वस्तू फोडल्याची तक्रार, नुकसान लाखाच्या आत असेल तर, अदखलपात्र ठरते. एनसी लिहून घेतात, समज देतात, संपलं. पण मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, गाठण्याचा प्रयत्न करणं, फोनवर किंवा इंटरनेटवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्यावर एफआयआर व्हायला हवा. (ही संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली, त्याआधी हीच तरतूद दंड संहितेत ३५४ ड म्हणून होती.) घटना तीच, पण अर्जात 'फोन फोडला' एवढंच लिहिलं तर एक वाट आणि 'नाही सांगूनही अमुक तारखेपासून पाठलाग करतो, धमकी देतो, परवा फोन फोडला' असं लिहिलं तर दुसरी. असा अर्ज लिहायला शिकवणं, मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवणं, अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेणं, हद्दीचं कारण सांगितलं तर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झिरो एफआयआर मागणं, याला एक दुपार पुरते. घरातल्या मारहाणीसाठी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहे आणि न्यायालयाचा आदेश मोडणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, हेही किती जणींना ठाऊक असतं?

मग कराटेवाल्या सरांना निरोप द्यायचा का? मुळीच नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींत वर्षभरातल्या बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के. त्या बारा तासांत हातापायांचे डाव होतेच, पण ते चारांपैकी एका भागात. ओळखीच्या माणसाचं वागणं कुठे वळतंय ते हेरणं आणि भीड मोडून 'नाही' म्हणणं यांना आधीचे भाग दिलेले होते. भीड मोडणं आपल्याकडे जास्तच अवघड, कारण समोरचा बहुतेक वेळा कुणाचा तरी भाऊ, काका किंवा शेजारचा दादा असतो. डाव माहीत असूनही त्याच्यावर हात उगारवत नाही.

अनोळखी हल्लेखोर नसतातच, असं नव्हे. २०१३चं शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराचं प्रकरण मुंबई विसरलेली नाही. पण अनोळखी माणसाची भीती वाटेल तशी वाटत सुटलं की काय होतं, हे आपल्या पालघर जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असेल? १६ एप्रिल २०२०ला गडचिंचले इथे चोर आणि मुलं पळवणारे आल्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार केलं. त्याआधी १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकरी अशाच अफवेने मारले गेले. फॉरवर्ड करणाऱ्या अनेकांना आपण लोकांना सावध करतोय असंच वाटलं असणार. त्यामुळे 'सावध राहा' म्हणून आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ला विचारायचं, हा धडा मिरचीपुडीच्या आधी यायला हवा.

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप: सगळं मुलींनीच का शिकायचं? बरोबर आहे, आणि म्हणूनच शिबिर फक्त महिलांचं ठेवण्यात अर्थ नाही. वसईच्या त्या सकाळी रस्त्यावर माणसं होती. एकाने मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण तो एकटाच होता आणि हल्लेखोराने पाना उगारल्यावर मागे सरला. त्याला भित्रा ठरवणं सोपं आहे. एकट्याने हत्यारापुढे जाऊ नये हेच शहाणपण, पण चौघांनी एकदम ओरडायचं, लांबून हाताला येईल ते फेकायचं, एकाने ११२ला फोन लावून जागा सांगायची आणि उरलेल्यांनी जखमीला उचलायची तयारी ठेवायची, याचा सराव कोळीवाड्यातल्या, रिक्षा स्टँडवरच्या आणि नाक्यावरच्या पोरांकडून करून घेता येतो. त्याला पांढरा गणवेश लागत नाही की पट्टा. आणि प्रेयसीने नकार दिल्यावर घरी जाऊन काय करायचं, हा तासही त्याच पोरांसाठी ठेवावा लागेल. तो घ्यायला शिक्षक मिळणं मात्र कराटेचा शिक्षक मिळण्यापेक्षा अवघड जाईल.