हाताला चीर, जंतूंना वाट

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना उडणारा खकाणा नवख्या माणसाला दोन मिनिटं उभं राहू देत नाही. नाक झोंबतं, डोळे गळू लागतात, ठसका लागतो. रोजच्या बायका नाकातोंडाला पदर गच्च बांधूनच कामाला बसतात. इतक्या जहाल वस्तूपुढे जंतूंचं काय चालणार, असं कुणालाही वाटेल. बोट कापलं की जखमेवर चिमूटभर तंबाखू दाबणारे खेडोपाडी आजही भेटतात, ते याच समजातून.

प्रत्यक्षात तंबाखूच्या पाल्यात माती असते, बुरशी असते, जंतूही असतात. ते थेट उघड्या जखमेत जातात, आणि वर निकोटिन रक्तात उतरतं ते वेगळंच. शेतात ओला पाला खुडणाऱ्यांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो, तोही तंबाखू तोंडात न घालता. शाबूत कातडी जंतूंना अडवते, कारण तिचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चिवट पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बनलेला असतो. निकोटिनचा रेणू मात्र जंतूच्या मानाने अतिसूक्ष्म. तो त्यातूनही पाझरतो. म्हणजे कातडी सगळंच अडवते, हाही गैरसमजच.

बेळगावच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे पूर्वी देवीची लस तयार होई. ही लस देताना कातडी मुद्दाम ओरखडत किंवा टोचत, कारण धड कातडीवर ती नुसती चोळून भागत नसे. जुन्या माणसांच्या दंडावरचे वण त्याचेच.

अशी वाट जंतूंना आपण नकळत करून देतो. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं होतं. अशा पाण्यात उंदरा-जनावरांचं मूत मिसळलेलं असू शकतं, आणि त्यातले लेप्टोस्पायरा जंतू पायाच्या भेगांतून, चिरांतून आत शिरतात. खानापूरकडे भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्यांनाही हाच धोका. पायाला जखम असेल तर गमबूट हवेतच.

धनुर्वात गंजलेल्या खिळ्याने होतो, हे तर शाळेपासून ऐकलेलं. गंजाचा त्यात काही दोष नाही. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं तग धरतात. चकचकीत विळ्याला माती लागलेली असेल, तर तोही तितकाच घातक. जखम साबणपाण्याने धुवायची आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली आहे ना, ते बघायचं.

घशातला ठसका मात्र आजार नव्हे, पहारा आहे. श्वासनलिकेतला चिकट द्राव धूळ-जंतू पकडतो आणि सूक्ष्म केस तो वर ढकलत राहतात. बिडीच्या धुराने हे केसच मंदावतात, म्हणून ओढणाऱ्याला सकाळी खोकून खोकून कफ काढावा लागतो. बिडीने छाती मोकळी होते म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगावं!

डोळ्यांच्या पाण्यात लायसोझाइम असतं. ते अनेक जीवाणूंची भित्तिका फोडतं. पण ऊस तोडताना पाल्याचं धारदार पातं बुबुळाला लागलं, तर बुरशी आत जाते, आणि तिला अश्रू पुरत नाहीत. अशा वेळी पदराच्या टोकाने डोळा चोळणं किंवा औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणून घालणं महागात पडतं. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने पसरते. डोळा स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवं, मग तोड अर्धी राहिली तरी चालेल.