रक्ताचा कर्करोग आणि दुखणे सांगण्याची भाषा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज या शाळेत जमलो आहोत, ते आमच्या निबंधांत ‘फार’, ‘खूप’ असा मोघम शब्द आला की समासात लिहीत: ‘किती?’ त्या प्रश्नाचे मोल मला वार्धक्यात कळले.

माझ्या पत्नीला मायलोमा झाला. सुरतेचे आमचे डॉक्टर आपुलकीने विचारीत, ‘केम छो, बेन?’ ती हसून म्हणे, ‘मजामां.’ घरी मात्र चौथ्या पायरीवर ती बसून जाई. तळपायांना मुंग्या येत. चप्पल निसटली तरी कळत नसे. उपचार थांबतील या भयाने तिने हे दोन महिने लपविले. अखेर सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी केली. उपचार चालूच राहिले. मुंग्या ओसरल्या, बोटांची बधिरता मात्र राहिली.

रक्ताचे कर्करोग मुख्यतः तीन: ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा. हाडांतील मज्जा हे रक्तपेशी घडण्याचे ठिकाण. तेथे रोगट पेशींची गर्दी झाली की तांबड्या पेशी घटून थकवा व धाप येते; प्लेटलेट घटून हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उमटतात; निरोगी पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग बळावतो. लिम्फोमात गाठी येतात, रात्री घामाने कपडे भिजू शकतात. मायलोमात हाडे दुखतात. उपचारांनी तोंड येणे, चव जाणे, मुंग्या हे त्रास संभवतात.

यांतील थकवा सर्वांत फसवा. तो झोपेने जात नाही आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही उरू शकतो. रक्ताच्या अहवालात त्याचा रकाना नसतो. तो रुग्णानेच सांगावा लागतो. यासाठीच युरोपातील संशोधकांनी १९९३ साली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना, झोप, भूक, अशक्तपणा यांविषयीच्या तिच्या बहुतेक प्रश्नांना ‘मुळीच नाही’पासून ‘खूपच’पर्यंत चार उत्तरे आहेत. ती मराठीतही उपलब्ध आहे.

घरी एक वही पुरते. किती पायऱ्या चढलो, किती वेळा जाग आली, किती घास गेले, हे त्या त्या दिवशी लिहावे आणि डॉक्टरांपुढे ठेवावे. केमोथेरपी चालू असता ताप १००.४ अंशांवर गेला, तर वहीत लिहून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

सोसणे हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. परंतु न सांगितलेल्या दुखण्यावर डॉक्टर तरी काय उपाय करणार?