जुलै, ऑगस्ट आणि दोन ज्युलिया

मुलांनो, भिंतीवरच्या कॅलेंडरची सातवं आणि आठवं ही पानं उघडा बघू. जुलै आणि ऑगस्ट! आपल्याकडे हे भर पावसाचे महिने. पण ही नावं मुळात दोन माणसांची आहेत, हे माहीत आहे का? जुलै हा ज्युलियस सीझरच्या नावाचा आणि ऑगस्ट हा ऑगस्टसच्या नावाचा. दोघेही प्राचीन रोमचे सत्ताधीश. आणि दोघे एकमेकांचे नातलगही. सीझर हा ऑगस्टसच्या आजीचा सख्खा भाऊ.

या दोघांच्या लढायांच्या गोष्टी तुमच्यापैकी काहींनी वाचल्या असतील. आज आपण रणांगणावर जायचं नाही, त्यांच्या घरात डोकावायचं. कारण रोमची सत्ता जेवढी तलवारीने ठरली, तेवढीच ती लग्नाच्या बोलणीतही ठरली. आणि त्या बोलण्यांची किंमत कुणी मोजली? ज्यांच्या नावाने कॅलेंडरात एकही महिना नाही, त्यांनी!

राजा नको म्हणून...

रोमन लोकांना 'राजा' हा शब्दच सहन होत नसे. त्यांच्या परंपरेनुसार इ. स. पूर्व ५०९ मध्ये त्यांनी आपल्या शेवटच्या राजाला हाकलून दिलं आणि प्रजासत्ताक स्थापन केलं. दर वर्षी दोन कॉन्सल निवडले जात. एकाच्याच हाती सगळी सत्ता जायला नको, म्हणून दोन. आणि कुणी खुर्चीला चिकटून बसायला नको, म्हणून मुदत एकच वर्ष. शिवाय अनुभवी मंडळींची सिनेट नावाची सभा होतीच.

व्यवस्था छान होती, पण प्रत्यक्षात सत्ता फिरायची ती मोजक्या श्रीमंत घराण्यांमध्ये. आजच्यासारखे राजकीय पक्ष तेव्हा नव्हते. मग दोन पुढाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? उत्तर सोपं होतं. सोयरीक! मुलगी द्यायची, मुलगी करून घ्यायची, नाहीतर मुलगा दत्तक घ्यायचा.

आणि एक गंमत ऐका. रोमन मुलींना बहुधा स्वतःचं असं वेगळं नावच नसे. घराण्याच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप हेच मुलीचं नाव. सीझरचं घराणं ज्युलियस. त्यामुळे त्याची आत्या ज्युलिया, बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलियाच! दोन बहिणी असल्या तर एक थोरली ज्युलिया आणि दुसरी धाकटी. आपल्या गोष्टीत अशा दोन ज्युलिया आहेत. एक सीझरची मुलगी, दुसरी ऑगस्टसची.

पहिली ज्युलिया

इ. स. पूर्व ६० च्या सुमारास रोममध्ये तीन बड्या माणसांनी हातमिळवणी केली. नामवंत सेनापती पॉम्पी, गडगंज श्रीमंत क्रॅसस आणि महत्त्वाकांक्षी सीझर. करार तोंडी होता. तो पक्का करायचा कसा? इ. स. पूर्व ५९ मध्ये सीझरने आपली एकुलती एक मुलगी पॉम्पीला दिली. (लक्षात ठेवा हं, इ. स. पूर्वची वर्षं उलटी मोजायची. म्हणजे ६० आधी आणि ५९ नंतर.)

ज्युलियाचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलं होतं. ते मोडलं. त्या नाराज झालेल्या नवऱ्यामुलाची समजूत काढायला पॉम्पीने आपली मुलगी त्याला देऊ केली. पण तिचंही लग्न दुसरीकडे ठरलेलं होतं! एका लग्नासाठी अशी दोन ठरलेली लग्नं विस्कटली. आणि जावईबापू पॉम्पी सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे!

पण झालं वेगळंच. राजकारणासाठी केलेलं हे लग्न खरोखर मायेचं ठरलं. पॉम्पी बायकोत इतका रमला, की लोक त्याची टिंगल करू लागले. इ. स. पूर्व ५५ मध्ये निवडणुकीच्या वेळी दंगल झाली. पॉम्पीच्या शेजारी काही माणसं मारली गेली आणि त्याच्या कपड्यांवर रक्त उडालं. नोकरांनी ते कपडे घरी नेले. रक्त बघून ज्युलियाला वाटलं, नवऱ्याचं बरंवाईट झालं. ती तिथेच बेशुद्ध पडली. त्या वेळी ती गरोदर होती. ते मूल गेलं. पुढच्याच वर्षी, इ. स. पूर्व ५४ मध्ये, बाळंतपणात ज्युलियाही गेली. तिचं बाळही काही दिवसांत गेलं. पॉम्पीला आपल्या गावाकडच्या वाड्यात तिचे अंत्यविधी करायचे होते. पण रोमच्या लोकांनी तिचा देह उचलून शहरातल्या मोठ्या मैदानावर नेला. इतका तिच्यावर सगळ्यांचा जीव होता.

सीझरला काळजी पडली. धागा तुटला होता. त्याने लगेच बहिणीची नात ऑक्टेव्हिया पॉम्पीला देऊ केली. ऑक्टेव्हियाचं तर लग्न झालेलं होतं! तरीही देऊ केली. पॉम्पीने नकार दिला. दरम्यान क्रॅसस एका लढाईत मारला गेला. आता उरले दोघेच. इ. स. पूर्व ४९ च्या जानेवारीत सीझर सैन्य घेऊन रुबिकॉन नदी ओलांडून आला आणि एकेकाळचे सासरे-जावई समोरासमोर उभे ठाकले. पुढच्या वर्षी पॉम्पी हरला, पळून इजिप्तला गेला आणि तिथे किनाऱ्यावर उतरताना त्याला मारण्यात आलं.

ज्युलिया जगली असती तर हे युद्ध टळलं असतं का? हा प्रश्न जुन्या लेखकांनाही पडला होता. मला विचाराल तर, दोघांनाही पहिलाच नंबर हवा होता, तो काही ज्युलिया वाटून देऊ शकली नसती. पण एवढ्या मोठ्या राज्याची शांतता एका मुलीच्या श्वासावर टांगून ठेवायची, हेच मुळात केवढं धोक्याचं!

मृत्युपत्रातला मुलगा

सीझर जिंकला, पण १५ मार्च, इ. स. पूर्व ४४ रोजी सिनेटच्या बैठकीतच त्याचा खून झाला. मृत्युपत्र उघडलं. त्यात त्याने बहिणीच्या नातवाला दत्तक घेतलं होतं. ऑक्टेव्हियाचाच हा धाकटा भाऊ. वय अवघं अठरा!

दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तान्हं बाळ येतं. रोममध्ये मोठ्या माणसांनाही दत्तक घेत आणि नाव, मालमत्ता, मान सगळं त्यांना मिळे. या मुलालाही 'सीझर' हे नाव मिळालं. इतिहासकार त्याला ऑक्टेव्हियन म्हणतात. त्याच्याजवळ ना अनुभव होता, ना फौज. पण त्या नावाच्या ओढीने सीझरचे जुने शिपाई त्याच्याभोवती गोळा होऊ लागले. सीझरचा उजवा हात असलेला मार्क अँटनी त्याला चिडवायचा, की या पोराकडे नावाशिवाय आहे काय! अँटनीची चूक एवढीच, की नाव ही केवढी मोठी ताकद आहे हे त्याला उशिरा कळलं.

दोघांच्या मधली ऑक्टेव्हिया

अँटनी आणि ऑक्टेव्हियन आधी भांडले, मग एकत्र आले, मग पुन्हा भांडायच्या बेतात आले. इ. स. पूर्व ४० मध्ये तह झाला आणि तहाची गाठ म्हणून पुन्हा तीच ऑक्टेव्हिया! तिचा नवरा नुकताच वारला होता. विधवेने दहा महिने थांबायचं, असा रोमचा नियम. सिनेटने तो तिच्यापुरता बाजूला ठेवला आणि अँटनीशी तिचं लग्न लागलं.

ऑक्टेव्हियाने हे नातं मनापासून निभावलं. इ. स. पूर्व ३७ मध्ये भाऊ आणि नवरा लढायला निघाले, तेव्हा ती मध्ये पडली. ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो, की तिने भावाला सांगितलं, तुमच्यातलं कुणीही जिंकलं तरी हरणार मीच. दोघांनी समेट केला. अँटनीने जहाजं दिली, ऑक्टेव्हियनने शिपाई देण्याचं कबूल केलं.

पण अँटनी इजिप्तला राणी क्लिओपात्राकडे गेला. ऑक्टेव्हिया त्याच्यासाठी सैन्य आणि सामान घेऊन अथेन्सपर्यंत गेली, तर 'पुढे येऊ नकोस' असा निरोप आला. इ. स. पूर्व ३२ मध्ये त्याने काडीमोड दिला आणि माणसं पाठवून तिला रोममधल्या घरातून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी ॲक्टियमच्या समुद्रात अँटनी हरला. इ. स. पूर्व ३० मध्ये अँटनी आणि क्लिओपात्रा दोघांनीही जीव दिला.

आता बघा हं, ऑक्टेव्हियाने काय केलं ते. तिची स्वतःची पाच मुलं होती. त्यांच्याबरोबर तिने अँटनीच्या आधीच्या बायकोचा मुलगाही वाढवला. आणि क्लिओपात्राची तीन मुलं? तीही आपल्याच घरी घेतली! त्यातली मुलगी पुढे मॉरिटेनियाच्या राजाची राणी झाली. या सगळ्या गोष्टीत नात्याचा वापर सत्तेसाठी न करणारी ही एकटीच दिसते.

दुसरी ज्युलिया

ऑक्टेव्हियन आता एकटाच उरला. इ. स. पूर्व २७ मध्ये त्याला 'ऑगस्टस' ही पदवी मिळाली. तो स्वतःला राजा म्हणवत नसे, नुसता 'पहिला नागरिक'. पण सैन्य त्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात. आता अडचण अशी, की राजाच नाही म्हटल्यावर युवराज कसा जाहीर करणार? मग पुढचा माणूस कोण, हे लोकांना कळायचं ते त्याच्या जावयावरून आणि दत्तक मुलांवरून. आणि ऑगस्टसला पोटचं मूल एकच. मुलगी. ज्युलिया.

ती जन्मली त्याच दिवशी ऑगस्टसने तिच्या आईला काडीमोड दिला होता. ती दोन वर्षांची असताना अँटनीच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरवलं होतं. युद्धानंतर त्याच मुलाला तिच्या वडिलांच्या हुकमावरून मारण्यात आलं.

चौदाव्या वर्षी तिचं लग्न आतेभावाशी, म्हणजे ऑक्टेव्हियाच्या मुलाशी झालं. दोन वर्षांत तो आजारी पडून गेला. मग अठराव्या वर्षी तिला वडिलांच्याच वयाच्या सेनापती अग्रिपाला दिलं. त्यासाठी अग्रिपाने आपली बायको सोडली. ती बायको कोण? ऑक्टेव्हियाचीच मुलगी! ज्युलियाला पाच मुलं झाली. त्यातल्या दोन थोरल्या मुलग्यांना आजोबांनी दत्तक घेतलं. म्हणजे कायद्याने आता आजोबाच बाप.

इ. स. पूर्व १२ मध्ये अग्रिपा वारला. ऑगस्टसने आपला सावत्र मुलगा टायबेरियस याला पुढे केलं. टायबेरियसचं आपल्या बायकोवर, व्हिप्सेनियावर, मनापासून प्रेम होतं. त्यांना एक लहान मुलगा होता आणि ती पुन्हा गरोदर होती. तरी हुकूम आला. सोड तिला आणि ज्युलियाशी लग्न कर. व्हिप्सेनिया अग्रिपाची आधीच्या बायकोची मुलगी. म्हणजे ज्युलिया ही टायबेरियसची सावत्र बहीण, सावत्र सासू आणि आता बायको! नात्यांचा असा गुंता झाला होता. पुढे एकदा रस्त्यात टायबेरियसला व्हिप्सेनिया दिसली. तो डोळ्यांत पाणी आणून तिच्या मागे मागे चालत राहिला. त्यानंतर ती पुन्हा त्याच्या दृष्टीस पडणार नाही, अशी खबरदारी घेण्यात आली.

हा संसार कसा टिकणार? टायबेरियस सगळं सोडून ऱ्होड्स बेटावर निघून गेला. इ. स. पूर्व २ मध्ये ऑगस्टसने ज्युलियाच्या वागणुकीवर आरोप ठेवून तिला पँडेटेरिया नावाच्या एका चिमुकल्या बेटावर पाठवून दिलं. तिच्याबरोबर कोण गेलं, माहीत आहे? तिची आई. जिला मुलीच्या जन्माच्या दिवशीच घराबाहेर काढलं होतं, ती! काही वर्षांनी ज्युलियाला बेटावरून मुख्य भूमीवर आणलं, पण रोमला परत येऊ दिलं नाही.

ज्या नातवांसाठी एवढा खटाटोप केला, ते दोघेही तरुणपणीच वारले. एक इ. स. २ मध्ये, दुसरा इ. स. ४ मध्ये. शेवटी ऑगस्टसने टायबेरियसलाच दत्तक घेतलं. इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. त्याच वर्षी ज्युलियाही गेली. वडिलांच्या थडग्यात तिला जागा द्यायची नाही, असं ते आधीच सांगून गेले होते.

शेवटी गादीवर कोण बसलं?

टायबेरियसनंतर कॅलिग्युला, मग क्लॉडियस आणि मग नीरो हे सम्राट झाले. कॅलिग्युला हा हद्दपार केलेल्या ज्युलियाचा नातू. नीरो तिचा पणतू. आणि हरलेल्या अँटनीचं काय? ऑक्टेव्हिया आणि अँटनी यांचा क्लॉडियस हा नातू, तर कॅलिग्युला आणि नीरो हे पणतू! युद्ध ऑगस्टसने जिंकलं, पण गादीवर हरलेल्या अँटनीचे वंशजही बसलेच.

पण एक मोठा फरक पडला होता. प्रजासत्ताक होतं तेव्हा सोयरीक दोन घराण्यांना जोडायची. सत्तेची खुर्ची एकच उरली, तसा प्रत्येक नातलग त्या खुर्चीचा दावेदार झाला. दावेदार म्हणजे धोका. भाऊ भावाला, मुलगा आईला घाबरू लागला. नीरोने इ. स. ५९ मध्ये स्वतःच्या आईला मारवलं. इ. स. ६८ मध्ये त्याने जीव दिला, तेव्हा गादीसाठी ऑगस्टसच्या घराण्यातलं कुणी उरलं नाही. जे नातं सत्ता बांधायला वापरलं, तेच तिने गिळून टाकलं.

आता तुमच्यासाठी एक काम. एक मोठा कागद घ्या आणि या लेखातल्या सगळ्यांची वंशावळ काढा. सोपी नाही हं ती, आई-बाबांनाही मदतीला बसवा. लग्नासाठी एका रंगाची रेघ, दत्तकासाठी दुसऱ्या रंगाची आणि मोडलेल्या लग्नासाठी तुटक रेघ. कागदाच्या मधोमध सीझरचं किंवा ऑगस्टसचं नाव लिहू नका. तिथे ऑक्टेव्हियाचं नाव लिहा. मग बघा, किती रेघा तिच्यापर्यंत येऊन पोचतात!