हजबंड : घर, जमीन आणि नवरा

‘हजबंड’ हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. तरीही पशुसंवर्धन खात्याच्या पाटीवर इंग्रजीत ‘अ‍ॅनिमल हजबंडरी’ वाचलं की प्रश्न पडतोच. गाई-म्हशींच्या देखभालीशी नवऱ्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे.

हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाही. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग इंग्लंडवर चालून आले आणि त्यांतले पुष्कळसे उत्तर आणि पूर्व भागांत शेती करून राहिले. त्यांची भाषा आणि तिथली जुनी इंग्रजी एकमेकींना जवळच्या. त्यामुळे रोजच्या वापरातले शब्द सहज मिसळून गेले. एग, नाइफ, विंडो हे त्यांच्याकडचे, तसाच ‘हूसबोंडी’. यातला ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे वस्ती करून राहणारा, स्वतःची जमीन कसणारा माणूस. बोंडी ज्या क्रियापदापासून आला त्याचं नातं थेट आपल्या संस्कृत ‘भू’ धातूशी लागतं. शेजाऱ्याला इंग्रजीत नेबर म्हणतात, त्याचा उत्तरार्धही याच कुळातला : जवळ राहणारा.

म्हणजे हजबंडचा पहिला अर्थ घराचा कर्ता पुरुष. त्याचं लग्न झालेलं असायलाच हवं, असं काही नव्हतं. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्याकडेही नवऱ्याला घरधनी, कारभारी, मालक म्हणत आले आहेत. घर सांभाळणाऱ्याचं नाव नवऱ्याला मिळालं, हीच वाट दोन्ही भाषांनी धरली. इंग्रजीत हा बदल तेराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्याआधी नवऱ्यासाठी ‘वेर’ हा शब्द होता. तो आता वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, या शब्दात उरला आहे. आणि ‘वाइफ’चा जुना अर्थ नुसता ‘स्त्री’. म्हणूनच सुईणीला मिडवाइफ म्हणतात.

यातल्या ‘बंड’मध्ये लग्नाचं बंधन शोधू नये. पण ‘बाँडेज’ या शब्दाची गोष्ट मात्र इथूनच सुरू होते, आणि मला ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. 1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. नव्या सरदारांच्या अमलाखाली स्वतंत्र शेतकऱ्याची पत घसरत गेली आणि बोंडी हा शब्द वेठबिगार कुळासाठी वापरात आला. त्याच्या स्थितीला ‘बाँडेज’ म्हणू लागले. पुढे बेडी या अर्थाच्या ‘बाँड’शी त्याची सरमिसळ झाली. एकाच शब्दाचा एक अवतार घराचा धनी झाला आणि दुसरा गुलामी.

जमिनीशी असलेलं नातं हजबंडनं पूर्ण सोडलं नाही. हजबंडमन म्हणजे शेतकरी, हजबंडरी म्हणजे शेती. थॉमस टसर या इंग्रज शेतकरी कवीनं 1557मध्ये शेतीवर पद्यात पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही हजबंडरी आहे. चांगला शेतकरी दाणागोटा जपून वापरतो, म्हणून या शब्दाला काटकसरीचा अर्थ चिकटला. आजही पाणी किंवा पैसा पुरवून पुरवून वापरणं याला इंग्रजीत ‘हजबंड’ हेच क्रियापद चालतं. इंग्रजी परिच्छेदात ते अचानक दिसलं तर नवरा शोधू नका. ईस्ट इंडिया कंपनीला भाड्यानं जहाजं देणाऱ्या मालकांचा एक कारभारी असे. जहाजाची दुरुस्ती, रसद, हिशेब सारं तो पाही. त्याला म्हणत ‘शिप्स हजबंड’.

आजचा वापर सरळ आहे. बोलताना हजबंड. लाडानं किंवा सलगीनं हबी, पण ते अर्जात किंवा कचेरीतल्या पत्रात लिहू नये. नवरा की बायको हे न सांगता चालणार असेल तिथे, विशेषतः सरकारी कागदांवर, स्पाउस. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2014पासून दोन पुरुषांचं लग्न कायदेशीर आहे; तिथे दोघंही एकमेकांचे हजबंड असतात.

आपल्याकडे ‘माझे मिस्टर’ म्हणण्याची पद्धत आहे. मराठीत ती आदराची आहे आणि छान चालते. इंग्रजीत मात्र मिस्टर नावाच्या आधी लागतं. तिथे ‘माय हजबंड’ म्हणावं.