रुबार्बचा गड्डा फोडताना

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा रुबार्ब इतका नावाजलेला, की अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेल्या तिथल्या पिकाला २०१० साली युरोपीय संघाचं नामसंरक्षण मिळालं. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली ही वनस्पती. तिचे लालसर देठ साखर घालून शिजवतात. पानं मात्र कधीच खाऊ नयेत, ती विषारी असतात.

परसातला रुबार्ब वर्षानुवर्षं टिकतो, पण पाच-सहा वर्षांत जमिनीतल्या गड्ड्यावर डोळ्यांची दाटी होते आणि देठ बारीक येऊ लागतात. अशा वेळी नवं बी पेरण्यापेक्षा गड्डा फोडणंच उत्तम. बियांतून मूळ वाणाचे गुण जसेच्या तसे उतरतीलच असं नाही, फोडीतून ते हमखास येतात.

पानं वाळल्यावर, हिवाळा संपण्याआधी हे काम उरकावं. तेव्हा झाड सुप्त असतं आणि अन्न मुळांत साठलेलं असतं. गड्डा खणून धारदार कुदळीनं कापायचा. प्रत्येक फोडीला निदान एक ठसठशीत डोळा आणि भरपूर मुळं हवीत. फोडी कडेच्या घ्याव्यात, मधला जून भाग टाकून द्यावा. शेणखत मिसळलेल्या जमिनीत सुमारे ९० सेंटिमीटर अंतरावर लावताना डोळा मातीच्या पातळीला ठेवायचा. खोल गाडला तर कुजण्याची भीती.

पहिल्या वर्षी एकही देठ तोडू नका, कितीही मोह झाला तरी! पानांनी बनवलेल्या अन्नावरच मुळं पुन्हा भरतात. दुसऱ्या वर्षी मोजकेच देठ घ्यावेत, तेही सुरीनं न कापता, बुडाशी धरून हलकेच पिळा देत ओढून.